पायरीवरचा तांब्या

ह्यात एक अक्षरही माझ्या पदरचं नाही.

पदरचं घालायचं असतं, तर मी भूत निदान रात्री तरी आणलं असतं. हे घडलं चैत्रातल्या एका रविवारी, भर दुपारी, लख्ख उन्हात. ज्यांच्या बाबतीत घडलं ते शेषेराव माझे सख्खे साडू. साडवाच्या बोलण्यावर विश्वास ठेवायची पद्धत आपल्याकडे नाही, हे मला ठाऊक आहे. मीही ठेवला नव्हता.

लातूर जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली होती. कचेऱ्या नव्या, खुर्च्या नव्या, पाट्यांवरचा रंगही अजून हाताला लागायचा. दुष्काळ तेवढा जुना. उस्मानाबादेतून बदली होऊन आलेला. शेषेरावही तिथूनच आले होते. दोघं एकाच ट्रकमधून आले, असं त्यांची बायको, म्हणजे माझी मेहुणी सिंधु, म्हणायची.

कचेरीतल्या आणि गंजगोलाईच्या बाजारातल्या काही हौशी मंडळींनी तेव्हा सायकल मंडळ काढलं होतं. रविवारी निवांत सायकल मारत जायचं. रानातून, माळावरून. एखादं जुनं देऊळ, एखादी बारव, पडकी गढी बघायची. झाडाखाली दशम्या सोडायच्या आणि परत. घाई करायची नाही, हा मंडळाचा एकच नियम. ऊन वाढलं तसे सभासद वाळले. शेवटी दोघं उरले.

शेषेराव आणि गुरुबसप्पा.

गुरुबसप्पाचं गोलाईत कापडाचं दुकान. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, आणि त्याखाली पोट. पोट कमी करा, असं डॉक्टरनं त्याला सांगितलं होतं. पोटाला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या रविवारचा रस्ता गुरुबसप्पानं ठरवला होता. अहमदपूरपर्यंत सायकली एसटीच्या टपावर टाकल्या. तिथून डोंगराच्या रानातून नांदेडच्या शिवेकडं. सागाला एक पान नव्हतं. चाकाखाली पाचोळा पापडासारखा मोडत होता. मध्येच एखादा पळस, शेवटची चार फुलं धरून उभा. वाटेत महादेवाचं दगडी देऊळ लागलं. एका शिंगाचा नंदी. शेषेरावांनी त्याच्या सावलीत दशम्या सोडल्या. दोघांनी बाटलीतलं पाणी संपवलं.

गुरुबसप्पानं घास उचलला नाही.

"काय अप्पा, पोटानं आजच ऐकलं का डॉक्टरचं?"

"शेषेराव, आज तुम्हाला देऊळ बघायला न्हाई आणलं."

"मग?"

"आमच्या गावाला चाललोय. बोरगुंडीला."

"ते तर तळ्यात गेलं ना?"

"गेलं होतं. आता तळंच गेलंय."

मग त्यानं सांगितलं. धरणाची भिंत होत होती, त्याच वर्षी त्याची आई गेली. दानम्मा. हा सोलापूरला मालाला गेलेला. परत येईपर्यंत गावानं समाधी दिली होती. लिंगायतांत माणसाला आडवं निजवत नाहीत. मांडी घालून बसवतात आणि माती देतात. पुढच्या पावसाळ्यात गाव उठलं. लोकांनी दारं नेली, चौकटी नेल्या, गोठ्यातली दावण नेली.

"अव्वाला कोण नेणार? ती तिथंच बसलीय. इतकी वर्षं. पाण्याखाली."

"मग आता काय करायचं म्हणता?"

"काई न्हाई. एकदाच म्हणायचं… अव्वा, आलो. लई वाट बघत गेली म्हणतात." तो उठला. "मिरग लागला की परत बुडंल. पुन्हा कधी दिसंल, कुणी बघितलंय?"

शेषेरावांना ह्यावर एक विनोद सुचला होता. त्यांनी तो गिळला. त्यांच्या आयुष्यात हे फार वेळा घडलेलं नाही.

रान संपलं. तळ्याचा उतार लागला.

आणि होला घुमायचा थांबला.

सकाळपासून तो कुठं ना कुठं घुमत होता. आता होला नाही. टिटवी नाही. वारासुद्धा नाही. खाली नुसता भेगाळलेला गाळ, आणि त्यातून वर आलेला जुना रस्ता. दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढ्या भिंती.

फुस्स…

गुरुबसप्पाचं मागचं चाक बसलं. बाभळीचा काटा.

"तुम्ही व्हा पुढं," तो म्हणाला. "चिंचेचं खोड लागंल. तिथं वळलं की समोर दगडी पायरी. ती आमची. मी आलोच ढकलत."

शेषेराव पुढं निघाले. चिंचेचं काळं खोड आलं. वळण आलं. वळणावर घंटी वाजवायची, समोर कुणी असो नसो, ही त्यांची सरकारी सवय.

ट्रिंग… ट्रिंग.

आणि आत बांगड्या वाजल्या.

आत म्हणायला तिथं 'आत' असं काही नव्हतंच.

मग दगडावर तांबं टेकल्याचा आवाज. हलका. रोजच्या हाताचा.

शेषेराव वळले. समोर पायरी होती. पायरीमागं घर नव्हतं, दार नव्हतं, फक्त गाळ. आणि पायरीवर एक तांब्या.

काठोकाठ भरलेला.

त्यांनी चहूकडं पाहिलं. असंल कुणी गुराखी. पण गाळात पाऊल नव्हतं. उमटलेला होता तो त्यांच्याच चाकाचा एकुलता एक पट्टा.

घसा सुकला होता. त्या वर्षी पाणी कुठून आलं हे विचारत बसण्याची कुणाचीच ऐपत नव्हती. त्यांनी तांब्या उचलला आणि वरून घटाघटा प्यायले. इतकं गार की दात ठणकले. राखेनं घासलेल्या तांब्याचा वास. थोडं सदऱ्यावर सांडलं. थेंबही ठेवला नाही.

"घंटी कुणी वाजवली?"

मागं गुरुबसप्पा उभा होता. त्यानं ओली पायरी पाहिली. तांब्या पाहिला. शेषेरावांचा सदरा पाहिला. सायकल त्याच्या हातून आडवी झाली.

"मी वाजवली. का? काय झालं?"

"मी लुगडी विकायचो सायकलीवर. गावोगाव." त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला होता. "घरी येताना ह्याच वळणावर घंटी मारायची. ती ऐकली की अव्वा पायरीवर तांब्या ठेवायची. मी उतरेपर्यंत ठेवलेला असायचा. गेली त्या दिवशी बी… घंटी वाजली म्हणाली, तांब्या ठेवला, आन् मग पडली. मी तर सोलापुरात होतो."

शेषेरावांनी हातातला तांब्या हळूच पायरीवर ठेवला.

गुरुबसप्पानं आडवी पडलेली सायकल उचलली. बसक्या चाकावर वळणापर्यंत परत नेली. घंटी वाजवली.

काही नाही.

पुन्हा वाजवली. पुन्हा. अंगठा दुखेपर्यंत वाजवली.

"अव्वा… आलो गं!"

काही नाही. त्यानं तांब्या उचलून उलटा केला. कोरडा. हिरवा पडलेला. आणि त्याचं बूड… खाल्लं गेलेलं. त्याचं बोट आरपार निघालं.

सदरा मात्र अजून ओला होता.

तेवढ्यात शेषेरावांच्या कानाशी, अगदी कानाशी, कुणीतरी म्हणालं…

"आलास?"

गुरुबसप्पानं ते ऐकलं नाही. तो पलीकडं आईच्या समाधीच्या ढिगाऱ्यावर विभूती लावत होता.

त्या संध्याकाळी शेषेराव स्टँडवरून सायकलीनं घरी आले. गल्लीच्या वळणावर सवयीनं घंटी मारली.

दारात सिंधु उभी होती. "अहो, हे पाणी कुणी ठेवलं? टँकर तर आलाच न्हाई आज."

पायरीवर तांब्या. काठोकाठ.

सिंधुला वाटलं, शेजारच्या शांतम्मानं ठेवला असेल. शांतम्मा म्हणाली, "बाई, माझ्याकडं एवढं पाणी असतं तर मी आंघोळ केली नसती का?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी शेषेरावांनी घंटी काढून खिशात घातली. वळणावरून दूधवाला घंटी वाजवत गेला, त्याच्या मागोमाग हे आले. तांब्या होताच. काढून उपयोग नव्हता, म्हणून त्यांनी घंटी परत बसवली.

शेवटी गुरुबसप्पाला सांगावंच लागलं.

तो रविवारी आला. न्हालेला, धुतलेलं धोतर, ताजी विभूती. नवरदेवासारखा घाबरलेला. शेषेरावांची सायकल घेतली, वळणापर्यंत गेला, घंटी वाजवली, आणि आला.

पायरी कोरडी.

"थांबू जरा," सिंधु म्हणाली. थांबले. कोरडीच.

"तुम्ही वाजवा," गुरुबसप्पा म्हणाला.

शेषेराव सायकल घेऊन गेले. वाजवली. सिंधु आणि गुरुबसप्पा पायरीवर डोळे लावून उभे होते. सिंधु शपथेवर सांगते, तिची पापणी लवली, एवढंच.

तांब्या होता.

गुरुबसप्पानं दोन्ही हातांनी तो उचलला. तोंडावर धरला. वाकडा केला. एक थेंब पडला नाही. खाली ठेवला तेव्हा पाणी हिंदकळून त्याच्या पायावर आलं.

गुरुबसप्पानं तांब्या शेषेरावांपुढं सरकवला.

"प्या, शेषेराव."

"अप्पा, माझ्याच्यानं न्हाई…"

"प्या म्हणतो ना. न्हाई तर तिला वाटंल, पोरगं रुसलं."

शेषेराव प्यायले. गुरुबसप्पा त्यांच्या घशाकडं बघत होता.

"गार हाय का?"

"हाय."

"तिचा रांजण लई गार असायचा," तो म्हणाला, आणि चपला घालायच्या विसरून घरी गेला.

मिरग लागला. त्या वर्षी बरा पडला. बोरगुंडी परत बुडाली. आता संपलं, असं वाटलं.

पण तांब्यातल्या पाण्याला गाळाचा वास यायला लागला.

आणि तांब्या पायरीवर राहीना. एके दिवशी उंबऱ्यावर. मग उंबऱ्याच्या आत. मग माजघरात.

आणि एका दुपारी स्वयंपाकघरात, तांब्याशेजारी, पाट मांडलेला.

"मी न्हाई मांडला," सिंधु म्हणाली. तिचं तोंड पांढरं पडलं होतं.

पाट ओला होता. खाली चिखल.

शेषेराव तसेच गोलाईत पळाले. गुरुबसप्पा गिऱ्हाइकाला खण दाखवत होता. ऐकता ऐकता त्याचा हात थांबला.

"आईचं काय असतं, शेषेराव… पोराला आधी पाणी, मग पाट, मग ताट." त्यानं खणाची घडी घातली. "पण त्या पाटावर मांडी घालू नका. काय वाट्टेल ते झालं तरी. आमच्यात मांडी घालून कुणाला बसवतात, ते सांगितलंय ना तुम्हाला?"

सायकल विकली. घर बदललं. गुरुबसप्पा पुढं वारला. त्याची समाधी लातुरात झाली, आईपासून लांब. शेषेराव मात्र तेव्हापासून उभ्यानं जेवतात. लोकांना वाटतं, साहेबांना नवी पद्धत आवडते.

माझ्या मुलीचं लग्न नांदेडला झालं, तेव्हा मी त्यांची थट्टाही केली. पंगत बसली होती. हे खांबाला टेकून, हातात ताट.

"बसा की हो साडू, जमीन काय खाते का?"

ते ताट सावरून जेवत राहिले.

पंगत उठली. वाढप्यांनी बसायच्या पट्ट्या गुंडाळल्या. आम्ही पट्ट्याच आणल्या होत्या, पाट एकही नाही, हे मी स्वतः ठरवलं होतं. आणि तरी शेषेरावांच्या पायाशी, खांबाजवळ…

एक पाट होता. ओला.

शेजारी हिरवा पडलेला तांब्या. काठोकाठ.

शेषेरावांनी वाकून तो उचलला. वरून प्यायले. खाली ठेवला. मग पाटाकडं न बघता, अगदी हळू, घरच्या माणसाला सांगावं तसं म्हणाले,

"अव्वा, अजून भूक न्हाई."

बांगड्या वाजल्या. त्या मी ऐकल्या. ऐकल्या नसत्या तर हे लिहिलं नसतं.

शेषेराव आता सत्तरीच्या पुढं आहेत. परवा फोनवर बोलताना मध्येच थांबले. मी विचारलं, काय झालं?

"काही न्हाई हो," म्हणाले. "हल्ली पाय लई दुखतात… जरा मांडी घालून बसावंसं वाटतं."