दुपारी उतरणारी चुंबकं

"माझ्या बाबांनी गेल्या आठवड्यात स्वतःची दोन बोटं कापून घेतली," मुलगी म्हणाली. "कुणीतरी त्यांना ती कापायला लावली, असं मला वाटतं."

तिनं टेबलावर बुटांचा खोका ठेवला. आत कापसात गुंडाळलेली अकरा पिकअपं होती. पिकअप म्हणजे इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली बसणारा तो चपटा तुकडा: चुंबकाच्या सहा कांड्या आणि त्यांच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे.

"कोणती बोटं?" ताईंनी विचारलं.

"उजवा अंगठा आणि तर्जनी. वेढे घालताना तार याच दोन बोटांतून जाते. बाबांनी ती पत्रा कापायच्या पात्याखाली ठेवली."

मोजणीदारांनी चहाचा कप खाली ठेवला. ते निवृत्त भूमापक. ताई पूर्वी विम्याचे खोटे दावे उघडकीला आणायच्या. आता स्वतंत्रपणे तपास करायच्या, आणि मोजणीदार त्यांच्याबरोबर फिरायचे. माणसांपेक्षा आकड्यांवर त्यांचा जीव जास्त.

"सगळं सांगा," ताई म्हणाल्या.

तिचे बाबा, सगळ्यांचे मास्तर, अशी पिकअपं बनवत; वर्षभरापासून त्यांचा माल परत येऊ लागला होता. तक्रार एकच: आवाज मेलेला. चाळीस वर्षं ज्यांच्या कानाची लोक शपथ घेत, त्यांचा माल! मास्तर रोज जेवणाआधी नवं पिकअप गिटारला लावून ऐकायचे, खूश व्हायचे, खोलीत ठेवून वामकुक्षीला जायचे. उठून पुन्हा ऐकायचे, तर ते मेलेलं. पिकअप तेच, गिटार तीच. बदलले असतील तर कानच.

"चुंबकाचा जोर मोजायचा मीटर नाही वापरत?"

"मीटर बहिऱ्यांसाठी असतो, असं म्हणायचे."

ताईंनी मुलीच्या पाठीवरच्या गिटारकडे बोट केलं. "यात कुणाचं पिकअप?"

"बाबांचंच. माझ्या जन्माच्या वर्षी बनवलेलं. सव्वीस वर्षं झाली."

"ही गिटार आज आमच्याबरोबर येऊ द्या."

*

मास्तरांच्या जुन्या चेल्याचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे होतं. तक्रारी सुरू होण्याच्या महिनाभर आधी मास्तरांनी त्याला काढून टाकलं होतं.

"मीटर घ्या म्हणालो, म्हणून," तो म्हणाला. "कानफटात बसली ती वेगळीच."

त्याच्याकडे मात्र मीटर होता. मोजणीदारांनी तो हौसेनं हातात घेतला. खोक्यातलं एकेक पिकअप मोजलं: चारशे, तीनशे नव्वद, चारशे दहा. मग मुलीच्या गिटारमधलं मोजलं. एक हजार पाच.

"सव्वीस वर्षांचं जुनं चुंबक दणदणीत, आणि वर्षाच्या आतली निम्मीसुद्धा नाहीत?" मोजणीदार चक्रावले. "उलटं हवं ना?"

"चुंबक म्हातारं होतं ही लोकांची समजूत आहे," चेला म्हणाला. "या जातीचं चुंबक नीट ठेवलं तर शंभर वर्षांत नखाएवढं उतरतं. ते मुद्दाम उतरवावं लागतं. जबर चुंबकासमोर उलटं धरायचं, थोडं लांब. झालं."

"कांड्यांचा माल वाईट निघाला असेल तर?" ताईंनी विचारलं.

"मीही त्याच व्यापाऱ्याकडून, त्याच खेपेतल्या घेतल्या. हे बघा." त्याच्या पिकअपचा आकडा हजाराजवळ होता.

"आणि उतरलेलं पुन्हा भरता येतं?"

"शिकंज्याच्या दोन जबड्यांत दोन दांडगी चुंबकं बसवलेली असतात. मधून पिकअप सरकवायचं. दहा सेकंदांचं काम."

"मग मास्तरांनी पुन्हा भरली का नाहीत?" मोजणीदारांनी विचारलं.

ताईंनी मोजणीदारांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "चांगला प्रश्न आहे," त्या म्हणाल्या, आणि चेल्याकडे वळल्या. "त्या खोलीत आणखी कोण शिकायचं?"

"मास्तरांचा मुलगा. आम्ही शेजारी शेजारी बसायचो." त्यानं मीटर बंद केला. "माझ्यापेक्षा सरस होता हो. पण त्याचं काम आम्ही जेवून येईपर्यंत मेलेलं असायचं. मास्तर सगळ्यांसमोर त्याला ऐकवायचे. 'कान मेलेत तुझे,' म्हणायचे. वर्षभर रोज. मग एक दिवस तो पुलावरून नदीत गेला. आठ वर्षं झाली."

*

मास्तरांचं घर बैठं होतं. पुढे बैठक, मागे कामाची खोली. खोलीच्या दाराशी एक खुंटी होती.

"घड्याळ काढा," मास्तरांचा धाकटा भाऊ म्हणाला. "दादाचा नियम आहे, चुंबकाजवळ घड्याळ चुकतं. लोखंडाचं काही आत न्यायचं नाही. शिकंज्यातली चुंबकं बोट चेचतील एवढी दांडगी आहेत." त्याचं स्वतःचं घड्याळ खुंटीवर लटकत होतं, आणि मोजणीदारांच्या घड्याळाशी मिनिटभरही फरक नव्हता.

मालाची बांधाबांध त्याच्याकडे होती. मास्तरांनी काम सोडलं की कारखाना त्याचा होणार, हे तो लपवत नव्हता.

"पण दुपारी मी घरी नसतोच. दीड ते तीन टपाल कचेरीत रांगेत. या पोचपावत्या बघा, वेळेचे शिक्के आहेत. आणि वाटेत बिघडत असतील म्हणाल, तर दोन पिकअपं गिऱ्हाईक स्वतः येऊन घेऊन गेलं होतं. तीही मेलेलीच."

"दुपारी घरी कोण असतं?"

"दादा झोपलेला. वहिनी शिवणावर. पूर्वी चेला असायचा, पुतण्या गेल्यानंतर जेवणाचा डबाही खोलीतच खायचा. तो गेल्यापासून खोली रिकामीच."

मास्तरांच्या बायकोला मोजणीदार काकू म्हणू लागले. त्या बैठकीत मशीनवर शिवत बसल्या होत्या. कमरेला नाडीनं बांधलेली मोठी कात्री, समोर टाचण्यांची डबी.

"मी त्या खोलीत पाऊल टाकत नाही," त्या म्हणाल्या. "माझा मुलगा गेल्यापासून. आठ वर्षं."

"मग चुंबकांचं काय झालं असेल?"

"माणसं म्हातारी होतात, चुंबकंही होत असतील. मी यांना तेच सांगत आले. कान गेले असतील तुमचे, आता थांबा." त्यांनी कापड कापायला कात्री उचलली. पात्याला तीन टाचण्या लोंबकळत वर आल्या. काकूंनी त्या न बघता झटकून टाकल्या, सवयीनं.

शेजारच्या खोलीत मास्तर पलंगावर उशीला टेकून होते. उजव्या हाताला मनगटापर्यंत पट्टी. मोजणीदार बूट घालूनच दारातून चार पावलं चालले असतील.

"तुमच्या डाव्या टाचेचा खिळा सैल झालाय," मास्तर डोळे न उघडता म्हणाले.

मोजणीदारांनी पाय उचलून पाहिलं. खिळा सैल होता.

ताईंनी मास्तरांना एकही प्रश्न विचारला नाही.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी सगळ्यांना बैठकीत बोलावलं. मुलगी, भाऊ, चेला. काकू मशीनवरून उठल्या नाहीत. मास्तरांच्या खोलीचं दार ताईंनी उघडंच राहू दिलं.

"चुंबकं म्हातारी झाली नाहीत," ताई म्हणाल्या. "या घरातलं सव्वीस वर्षांचं पिकअप आजही शाबूत आहे. माल वाईट नव्हता, त्याच खेपेतला चेल्याकडचा माल उत्तम आहे. वाटेत बिघडला नाही, हातोहात दिलेलाही मेलेला होता. म्हणजे मास्तर झोपत तेवढ्या वेळात, याच घरात कुणीतरी शिकंज्यातल्या चुंबकासमोर पिकअपं उलटी धरत होतं."

"चेला," भाऊ पुटपुटला.

"चेला असेपर्यंत एकही तक्रार नाही. तो होता म्हणून खोली दुपारी रिकामी नसायची. तो गेल्यावर दुपारी घरी उरलं कोण? तुम्ही टपाल कचेरीत, तुमच्या पावत्या बोलतात."

मुलीनं आईकडे पाहिलं.

"शिवणाच्या कात्रीला टाचण्या चिकटत नाहीत, काकू," ताई हळूच म्हणाल्या. "ती एखाद्या दांडग्या चुंबकाजवळ गेली तरच चिकटतात. धाकटे घड्याळ खुंटीला लावून आत जातात. तुम्हाला कमरेची कात्री काढायचं भान राहिलं नाही. आठ वर्षं पाऊल न टाकलेल्या खोलीत ती वर्षभर जात होती."

काकूंनी मशीनच्या सुईखालून कापड सोडवलं, घडी केली.

"हो," त्या म्हणाल्या. "मीच."

"आई!"

"तू गप्प बस. तुला कुणी सांगितलं होतं यांना आणायला?" त्यांचा आवाज चढला नाही. "मला ही विद्या कुणी शिकवली, विचारा. माझं लेकरू इथे पानावर बसलेलं, आणि हे आत त्याचं काम उलटं धरून उतरवत होते. दारातून पाहिलं मी. पोराची मग्रुरी उतरली पाहिजे म्हणाले. मला वाटलं, असेल शिकवायची तऱ्हा. गप्प राहिले. नंतर पुलाखालून त्याला वर काढलं, तेव्हा कळलं काय शिकवलं ते."

चेल्यानं मान खाली घातली. शेजारी बसूनही त्याला हे माहीत नव्हतं.

"जा, सांगा त्यांना," काकू म्हणाल्या. "कान धडधाकट आहेत म्हणावं. बोटं तेवढी फुकट गेली. हे ऐकवायच्या दिवसाचीच वाट बघत होते मी."

"त्यांना सांगायची गरज नाही," ताई म्हणाल्या. "त्यांना माहीत आहे."

काकूंचा हात घडीवरच थांबला.

"बुटातला सैल खिळा ज्याला पलंगावरून ऐकू येतो, त्याला आपण बहिरे झालो असं वर्षभर कसं वाटेल? आणि मोजणीदारांनी विचारलं होतं: दहा सेकंदांत भरता येतं, मग भरलं का नाही? दुपारी मेलेलं पिकअप हातात आल्यावर, ही युक्ती ज्यानं स्वतः पोटच्या पोरावर केली त्याला ओळखू येणार नाही? त्यांनी पहिल्याच दुपारी ओळखलं."

"दुसऱ्या," दारातून आवाज आला.

मास्तर चौकटीला धरून उभे होते.

"पहिल्या दुपारी मला खरंच वाटलं, कान गेले. दुसऱ्या दिवसापर्यंत तसंच वाटत होतं. एकच दिवस. पोरानं वर्ष काढलं."

काकू उठल्या. "मग बोलला का नाहीस?" चाळीस वर्षांत त्यांनी नवऱ्याला पहिल्यांदाच एकेरीत हाक मारली होती. "मेलेला माल पाठवत राहिलास, लोकांच्या शिव्या खाल्ल्यास. एक शब्द का नाही बोललास?"

"बोललो असतो तर तू थांबली असतीस."

"आणि बोटं?" मुलीनं विचारलं.

"त्याची पिकअपं मी याच दोन बोटांत उलटी धरायचो."

काकू नवऱ्याकडे बघत राहिल्या. चेहऱ्यावर राग होता, पण तो कुठे टाकावा हे त्यांना कळत नव्हतं.

"म्हणजे हेही तुझ्याच मर्जीनं झालं," अखेर त्या म्हणाल्या. "एवढंही माझं राहू दिलं नाहीस."

मोजणीदार ताईंच्या कानाशी लागले. "पोलिसांत द्यायचं?"

"कुणाला? आणि काय म्हणून?"

मुलीनं गिटार पाठीला अडकवली. "तुम्हा दोघांना माझा गेलेला दादाच हवा होता," ती म्हणाली. "मी सव्वीस वर्षं याच घरात होते." तिला कुणी थांबवलं नाही. ती गेली, तिच्यामागून चेला, मग भाऊ.

ताई चप्पल घालत असताना मास्तर खुर्चीत बसले. पट्टी बदलायची वेळ झाली होती. काकूंनी स्टूल ओढलं, औषधाची पेटी उघडली, कात्रीनं गाठ कापली. आतला कापूस जखमेला वाळून चिकटला होता. डॉक्टरांनी दिलेलं पाणी शेजारीच होतं. तो भिजवून काढायचा, असं बाटलीवर लिहिलं होतं.

काकूंनी बाटलीला हात लावला नाही. कापूस कोरडाच ओढला.

मास्तरांनी आवाज केला नाही. दुसऱ्या बोटाचा कापूस तसाच होता. त्यांनी हात थोडा पुढे केला.