नर्मदेचं गाऱ्हाणं

धरणी दुभंगून पोटात घेते म्हणतात, ती नेमकी आत्ताच का दुभंगत नाही, असं नर्मदेला त्या सकाळी भगवतीच्या देवळात वाटलं.

काम तसं साधंच होतं. नर्मदा इंटर सायन्स पहिल्या वर्गात पास झालेली. मेडिकल कॉलेजचा अर्ज जाण्याआधी तिच्या बाबांनी, भिकाजींनी, देवीपुढे नारळ ठेवला. गुरवानं गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे मोठ्यानं देवीला साकडं घालायचं, आणि जमलेल्यांनी त्याच्या प्रत्येक बोलाला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, ही तर गावाची रीतच. पण देवीपाशी लपवून मागितलेलं फळत नाही, म्हणून भोळ्या बाबांनी गुरवाच्या कानात सगळंच सांगून टाकलं होतं. घरात ज्याला 'टायफॉइड' म्हणत, तेसुद्धा!

"आई भगवती माये!" गुरवाचा आवाज खणखणीत. "गेल्या साली कोल्हापूरच्या होस्टेलात ह्या चेडवाचा मन बिथारला. दोन म्हयने जेवूक नाय, खोलयेचा दार उघडूक नाय, नुसता रडत बसला..."

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज मागून आला. नर्मदेनं वळून पाहिलं. हात जोडलेला एक उंच, सावळा तरुण... आपण कशाला होकार दिला हे त्याला आत्ता कुठे उमगत होतं. त्याचे कान लालबुंद झाले.

ती प्रसादाला थांबलीच नाही. तळ्याच्या पायऱ्यांवर जाऊन बसली, तर पाठोपाठ तोही आला.

"माफ करा... माका वाटला, पावसापाण्याचा गाऱ्हाणा आसा."

"कोर्टातल्या साक्षीदारासारखे वराडलात तुमी!"

"सवय, दुसरा काय? मी कुणकेश्वरचो. थंय समुद्र इतको गाजता, हळू म्हटल्यार देवाक आयकाक येवचा नाय."

नर्मदा हसली — आणि हसल्याचीच तिला लाज वाटली.

तो सहदेव. पाटबंधारे खात्यात कामाला. रोज सकाळी तळ्याची पातळी मोजायची आणि वहीत लिहायची. नर्मदा देवीला फुलं वाहायला त्याच सुमाराला येऊ लागली. हल्ली फुलं वेचायला तिला फार वेळ लागतो, असं आई म्हणायची.

एका सकाळी तिनं पदराआडून अर्ज काढला. 'पूर्वी मानसिक आजार झाला होता का?' या रकान्यात बाबांनी पेन्सिलीनं बारीक 'नाही' लिहिलं होतं. तिनं फक्त शाईनं गिरवायचं होतं. टपाल शुक्रवारी निघणार होतं.

"काय लिवतल्यात?" सहदेवनं विचारलं.

"तुमीच सांगा. जिचा मन आपल्याच खोलयेत हरवता, तिच्या हातात लोकांनी नाडी कशी देवची?"

"अजून होता तसा?"

हे तिनं आईलाही सांगितलं नव्हतं. "कधी कधी. डोळे उघडतत, पण हात उचलणा नाय. परवा तसाच झाला... म्हणान इलंय नाय."

"माका वाटला, माज्यावर रागावलात."

"तुमच्यावर रागावूक तुमी माजे कोण?"

"ताच... इचारूचा होता."

वाऱ्यानं अर्जाचा कागद फडफडला. दोघांनी एकदमच धरला, आणि सोडायचं मात्र कुणालाच सुचेना.

"सांगा ना, जावू की नको?" ती हळूच म्हणाली.

"माका इचारू नको, नर्मदा." तो पहिल्यांदाच 'तू'वर आला होता. "जा म्हटलंय, तर ता तुज्यासाठी. नको म्हटलंय, तर ता माज्यासाठी. मी खोटो साक्षीदार."

तिच्या गालांवर ऊन चढलं. पण उत्तर तिला तिथेच सापडलं. डॉक्टर तिला व्हायचंच होतं. पण खोटं गिरवून नाही, आणि हात उचलत नसताना तर नाहीच.

शुक्रवारी अर्ज गेला नाही. "पुढल्या साली 'होय' लिवन धाडतंय," ती बाबांना म्हणाली. "आदी माका बरा जावचा आसा. माका रत्नागिरीक न्हेवा."

बाबांचा चेहरा उतरला. रत्नागिरीचं वेड्यांचं इस्पितळ! भांडणात बायका एकमेकींना तिथंच तर धाडत. "लोक काय म्हणतीत गो?"

"म्हणांदेत. माका पण लाज वाटता, बाबा. पण भीती त्येच्यापेक्षा जास्त वाटता."

सोमवारी एस.टी.च्या थांब्यावर राधाबाईनं मासळीची पाटी उतरवता उतरवता हटकलंच, "खंय चललंस गो?"

नर्मदेची मान खाली गेली. टायफॉइड, मावशी, लग्न... सगळ्या थापा जिभेवर येऊन गेल्या. तिनं पदराचं टोक मुठीत आवळलं.

"रत्नागिरीक. मनाच्या डॉक्टराक दाखवूक."

राधाबाई सहदेवकडे वळली. तो कधीचा बाजूला उभा होता, हातात पिशवी घेऊन. "आणि तू रे?"

"मी पण थंयच." त्यानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "हिच्या वांगडा... सोबतीक."

नर्मदेनं दचकून बाबांकडे पाहिलं. बाबांनी लांबून येणाऱ्या एस.टी.ला हात दाखवला. गाडी आली, तसे ते आधी चढले, तिघांच्या बाकावर कडेला बसले आणि दाराशी घुटमळणाऱ्या सहदेवला म्हणाले,

"इलंस तर ये. मधी बस. खिडकी तिका दी... तिका वारो लागता."