अधिकच्या खुणेपुढं

“वहिनी, कायले एवढं बडबडते तुमचं मशीन? डोकं भणभणून राहिलं माझं.” चंद्रकुमार माझ्या खांद्यामागून कुरकुरला.

चंद्रकुमार माझा धाकटा दीर, तुमसरजवळच्या राईस मिलचा मॅनेजर. चाळिशीत मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून कॉम्प्युटर शिकले म्हणून सगळे मला हसायचे, तेव्हा बॉयलरच्या तपासणीचं काम त्यानंच दिलं. रोज सकाळी आठला माझी स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला लिहून दिलेल्या आज्ञांची यादी, चालायची. वाफेचा दाब किती, पाणी किती, धोक्याचा भोंगा जिवंत आहे का, असं एकेक विचारायची. मी वर `set -x` लिहून ठेवलं होतं. त्यानं प्रत्येक आज्ञा पाळली जाण्याआधी पडद्यावर उमटते, पुढं अधिकची खूण लावून. ‘आता हळद टाकते, आता मीठ’ असं स्वतःशीच बोलत रांधणारी बाई असते ना, तशी. मला तिची सोबत व्हायची.

दिराचं डोकं दुखतं म्हणून ती ओळ मी काढली. मग पडद्यावर नुसतं ‘सर्व ठीक’.

अकराव्या दिवशी वाफेची नळी फुटली आणि बॉयलरवरचा सुखराम गेला. सकाळी तर सर्व ठीक होतं. मग ठरलं, की भोंगा वाजला, सुखरामच झोपला होता. भोंगा कोणीच ऐकला नव्हता, पण तेवढं सोडून लोक बाकी सगळं बोलले.

बॉयलर बंद होता, तरी सवयीनं मी तपासणी चालवली. ‘सर्व ठीक’च्या वर एक ओळ आली.

`+ भोंगा वाजव`

माझ्या स्क्रिप्टमध्ये मराठी आज्ञा एकही नाही. `set -x` काढलेलं होतं. मी फाइल तीनदा वाचली, मशीन बंद करून चालू केलं.

दुसऱ्या दिवशी दोन ओळी.

`+ भोंगा वाजव`
`+ व्हॉल्व हाताले लागत नाही`

तिसऱ्या दिवशी मी नेटची वायर उपटून बसले.

`+ कंप्युटरबाई पाहून राहिली का`

मला कंप्युटरबाई फक्त सुखराम म्हणायचा.

या वेळी मी फाइल अक्षर अक्षर लावून वाचली. भोंग्याला विचारायची आज्ञा तिथं नव्हतीच. तिच्या जागी `echo "भोंगा ठीक"`. काहीही न विचारता छापून टाकायचं. बदलाची तारीख पाहिली. मी `set -x` काढलं त्याच दिवशीची, दुपारची. तेव्हा मी मोहाडीच्या बाजारात होते. पासवर्ड मीच चंद्रकुमारला दिला होता. घरचा माणूस.

“भोंगा जळला होता,” मी ती ओळ दाखवल्यावर चंद्रकुमार खिडकीकडे पाहत म्हणाला. “पार्ट नागपूरहून येऊन राहिला होता. भर सीझनमधी मिल बंद ठेवता का, वहिनी?”

“मले काहून नाही सांगितलं?”

“तुम्ही ऐकलं नसतं.” मग हळूच, “स्क्रिप्टवर नाव तुमचं आहे. पाहून घ्या.”

माझ्या हातचा चहा पिऊन तो गेला.

आज सुखरामच्या बायकोची, रुखमाची सही घ्यायची होती. कागदावर लिहिलं होतं, चूक त्याचीच. खाली माझीही सही हवी होती, साक्षीदार म्हणून. चंद्रकुमारनं पेन टेबलावर ठेवलं.

मी तपासणी चालू केली नव्हती.

`+ रुखमा येऊन राहिली`

दाराशी चपला वाजल्या. अधिकच्या खुणेची ओळ नेहमी आधी उमटते, मग ते घडतं.

रुखमा आत आली. मी पडदा भिंतीकडे वळवला. ती कागदाकडे पाहत राहिली, मग पडद्याच्या पाठीकडे.

“तो काय म्हणते, ताई?”

चंद्रकुमार हसल्यासारखं करून म्हणाला, “मशीन आहे वो ते. तू सही कर.”

रुखमानं पेन उचललं. टोक कागदाला टेकलं.

“थांब,” मी म्हणाले. “तो झोपला नव्हता, रुखमा. भोंगा बंद होता, आणि तो चालू आहे असं आम्ही लिहून ठेवलं होतं.”