रविवारची गोळी

सकाळी अकरा वाजता शिवणकामाच्या कारखान्यात दोघी जावांपैकी थोरली मशीनवरच कोसळली. धाकटीने तिला रुग्णालयाच्या तातडीच्या कक्षात आणलं तेव्हा रक्तदाब दोनशे तीस होता. छातीत घरघर, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. बोलायला श्वास पुरत नव्हता, ऐकू मात्र सगळं येत होतं.

रक्तदाबाची गोळी रोज घेतात का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. धाकटीने ठामपणे सांगितलं की रोज घेतात, एकाच घरात तर राहतो. थोरलीने जिवाच्या आकांताने नकाराची मान हलवली... धाकटीला वाटलं, मास्क टोचतोय. तिने तो नीट बसवला.

गोळी लघवी वाढवणारी आहे हे कळल्यावर डॉक्टरीणबाई थांबल्या. "मग कामावर सारख्या उठत असतील?"

"नाही हो. आधी उठायच्या. आता दिवसभर जागच्या हलत नाहीत."

"मग गोळी रोज घेत नसणार."

थोरलीने होकाराची मान हलवली.

कारखान्यात थोरली बाह्या जोडायची आणि तोच कपडा कडेच्या शिवणीला धाकटीकडे जायचा. थोरली उठली की धाकटीचं मशीन रिकामं, आणि सुपरवायझरची बोलणी धाकटीला. तिला कामावर कायम करायचं की नाही, हे तेव्हा ठरायचं होतं. एकदा वैतागून ती म्हणाली होती, "जाऊबाईंची खुर्ची संडासातच नेऊन ठेवा, येण्याजाण्याचा त्रास वाचेल." अख्खी लाइन हसली. थोरलीही हसली... आणि त्या दिवसापासून तिने गोळी सुट्टीपुरती, रविवारपुरती ठेवली. पुढे धाकटी कायम झाली, तरी ते हसणं थोरलीच्या काळजातून गेलं नाही, आणि घरी कुणाला सांगायची तिला लाज वाटत राहिली.

"माझ्या त्या बोलण्यामुळे, जाऊबाई?"

हो म्हणायची थोरलीची इच्छा नव्हती. नाही म्हणणं खोटं झालं असतं. तिने डोळे मिटून घेतले.

छातीत साठलेलं पाणी उतरावं म्हणून लघवी वाढवणारंच औषध आता शिरेतून दिलं गेलं. थोड्या वेळाने चादर भिजली. थोरलीने तोंड भिंतीकडे वळवलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. धाकटीने नर्सची वाट पाहिली नाही. तिला कुशीवर घेतलं, पुसलं, कोरडी चादर घातली. थोरलीने तिचं मनगट धरलं आणि मास्कच्या आतून काहीतरी म्हटलं. धाकटीला ते कळलं नाही.

"आत्ता नको," ती म्हणाली. "श्वास घ्या आधी."

दुपारी एक वाजता रक्तदाब एकशे नव्वद होता. घरघर थांबली नव्हती. मास्क कधी निघेल, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं नव्हतं.