गोणपाटाएवढी जागा

नाशिकरोडला रुळांखालून भाजीबाजाराकडे जाणारा पादचारी बोगदा योगिनीने प्रथम पाहिला, तेव्हा त्यात भिण्यासारखे तिला काहीच आढळले नव्हते. दोन्ही तोंडांशी उतार, मध्ये पांढऱ्या टाइल्सच्या भिंती, एका कडेने फरश्यांनी झाकलेले गटार. पूर्वेच्या तोंडातून एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या धुराड्यांचा वरचा भाग दिसे. वरून गाडी गेली की छत घुमत असे आणि दिव्यांच्या नळ्या किंचित थरथरत. सबंध बोगद्याला मेथी, ओली माती आणि फिनेल यांचा मिळून एक वास होता. सवयीने तो तिला आवडूही लागला होता.

योगिनी नामपूरची. कांदा मार्केटच्या मागच्या गल्लीतून शाळेत जाताना पोरी एकाएकी झपझप का चालू लागतात, हा प्रश्न तिला लहानपणीच पडला होता. आता त्याच प्रश्नावर ती पीएच.डी. करत होती. सार्वजनिक जागा बायकांना सुरक्षित वाटावी म्हणून तिची रचना कशी बदलावी, हा तिचा विषय. त्यासाठी तिला शिष्यवृत्ती मिळाली होती, आणि वर्ष संपण्याआधी एक जागा प्रत्यक्ष बदलून दाखवायची होती. "अहवाल कितीही छापता येतात," तिचे मार्गदर्शक शेखर सर म्हणाले होते. "एक बाई निर्धास्त बसलेली दाखव. बाकी सगळं मी पास करतो."

ती बाई कोण, हे योगिनीने मनाशी ठरवून टाकले होते. सुवर्णा एकलहऱ्याकडच्या मळ्यातून झेंडू आणि शेवंती घेऊन येई आणि बोगद्याच्या बाहेर रस्त्याच्या अगदी कडेला बसे. गेल्या दिवाळीच्या गर्दीत एका टेम्पोचे चाक तिच्या पावलावरून गेले होते. पाऊल बरे झाले. पण अजूनही टेम्पोचा आवाज आला की हातातली माळ टाकून ती पाय पोटाशी घेई. तिला बोगद्यात, उजेडात, चाकांपासून दूर बसवायचे, हे योगिनीचे काम होते. प्रबंध त्यानंतर.

तिचा सहकारी महेश याने बोगद्याच्या छताला कॅमेरा लावला होता. त्यात चेहरे टिपले जात नसत. माणसे कुठून कशी चालतात त्याच्या रेघा तेवढ्या संगणकावर उमटत. बऱ्याच दिवसांच्या रेघा एकावर एक ठेवल्या, तेव्हा ते चित्र नीट विंचरलेल्या केसांसारखे दिसले. फक्त मध्यावर, डाव्या भिंतीशी, सगळ्या रेघा वळसा घालून जात होत्या. वळशाच्या आत एकही रेघ नव्हती.

"गोदावरीत खडक असला की पाणी जातं ना, तसं," महेश म्हणाला. "पण इथं खडक कुठंय?"

योगिनी जाऊन पाहून आली. सबंध बोगद्यात सर्वांत चांगला उजेड तिथेच होता; तो तिनेच मोजलेला होता. भिंतीशी एक घडी घातलेले गोणपाट पडले होते. कारण सापडल्याचा तिला आनंदच झाला.

बोगद्याबाहेर ओळीने बसणाऱ्या भाजीवाल्यांपैकी चिमणाबाईंनी तर ते आणखी सोपे करून सांगितले. "गोणपाट टाकलं म्हंजी जागा धरलेली आसती, मॅडम. मालकीण चार दिस येवो नाय तर न येवो, दुसरी तिथं बसत नाय. तुमी एस्टीत रुमाल टाकता ना, तसंच हे."

"मग हे कुणाचं?"

"बायडाबाईचं आसंल."

पलीकडून बायडाबाई ओरडल्या, "ए म्हातारे, माझ्या गळ्यात नको घालू! तुझंच हाय ते. मी लगीन होऊन आले तवापासून बघते."

"माझं आसतं तर मी हितं उन्हात कशाला मेले आसते गं?"

सगळी ओळ हसली. योगिनीने प्रत्येकीला विचारले आणि प्रत्येकीने दुसरीचे नाव सांगितले. यात कुणालाच काही वावगे वाटले नाही.

"आणि तुम्ही सगळ्या त्याला वळसा घालून जाता."

"कोण, आमी?" चिमणाबाई म्हणाल्या. "आमी तर सरळच जातो." त्यांनी पाटी डोक्यावर घेतली आणि बायडाबाईंना टोमणे मारत त्या बोगद्यात शिरल्या. मध्यावर आल्यावर, बोलणे न तोडता, त्या अलगद उजवीकडे सरकून पुढे गेल्या.

बेवारस पडलेली वस्तू ही दुर्लक्षाची खूण असते आणि दुर्लक्षाने जागा असुरक्षित होते, असे योगिनीने स्वतःच एका प्रकरणात लिहिले होते. तिने गोणपाट सफाईच्या गाडीत टाकायला लावले. त्याच्याखालची फरशी कोरडी आणि स्वच्छ होती. कडेलाही धुळीची रेघ नव्हती. नुकतेच कुणी उठून गेल्यासारखी ती दिसत होती. तिथे तिने फळ्यांचा एक बुटका ओटा बसवून घेतला.

"मी नाय बसत तिथं," सुवर्णा म्हणाली.

"का?"

"का म्हंजी... कोणाची तरी हाय ना जागा."

"कोणाचीच नाही. मी सगळ्यांना विचारलंय. सुवर्णाताई, इथं टेम्पो येणार नाही. आणि काही झालंच तर मी आहे ना."

सुवर्णाने आपल्या पावलाकडे पाहिले. "तुमी हाय म्हणता तर बसते."

गोणपाट गेले होते, ओटा आला होता, आणि गर्दी पूर्वीसारखाच वळसा घालत होती. सवय मोडायला वेळ लागतो, अशी योगिनीने आधी स्वतःची समजूत घातली. पण सुवर्णाच्या माळा टोपलीतच सुकू लागल्या. "घ्या शेवंती, ताजी शेवंती!" या तिच्या हाकेला बाहेर रस्त्यावर मोटारी थांबत, इथे हातभर अंतरावरून जाणाऱ्या बायकांची मानही वळत नव्हती. शिवाय ती बसे ओट्याच्या अगदी टोकावर, अर्धी बाहेर.

"अशा अवघडून का बसता? मध्ये बसा की."

"मधी बसवत नाय."

"कोणी त्रास दिला का?"

"त्रास द्यायला आधी बघाया तर पायजे कोणी," सुवर्णा म्हणाली आणि हसली. ते हसू ओठांवरच राहिले.

त्या संध्याकाळी तिचा नवरा भारत तिला न्यायला आला. योगिनी पूर्वेच्या तोंडाशी उभी होती. भारत ओट्यासमोर येऊन थांबला. त्याने डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले. सुवर्णा उठून उभी राहिली आणि "अवो, हितं!" म्हणाली. त्याने खिशातून फोन काढून लावला. सुवर्णाच्या मांडीवरून खाली पडलेला फोन त्याच्या पायाशी वाजू लागला. तो फोन कानाला लावून तसाच उभा होता, आणि त्याची नजर तिच्यावरून भिंतीवर जात होती, भिंतीवरून पुन्हा तिच्यावर.

योगिनी धावत गेली आणि तिने सुवर्णाला हाताला धरून ओट्यापासून बाजूला ओढले.

"आरं तिच्या!" भारत दचकला. "कुठं व्हतीस गं? लय शोधली तुला."

दुसऱ्या दिवशी सुवर्णाची टोपली पुन्हा रस्त्याच्या कडेला होती. "माझी हीच जागा बरी, मॅडम," ती म्हणाली. "टेम्पोवाला निदान शिव्या तरी देतो." मागून एक टेम्पो आला आणि तिने पाय पोटाशी घेतले.

योगिनीला ते पाहवले नाही. जी जागा आपण दुसरीला सुरक्षित म्हणून देतो, तिथे आधी आपण बसून पाहायला हवे होते, हे तिच्या फार उशिरा ध्यानात आले होते. भारतला भास झाला असेल, उजेड डोळ्यांवर आला असेल. काय असेल ते तिथे बसल्यावरच कळणार होते.

"आज मी बसते," ती म्हणाली. "तुम्ही समोर उभ्या राहून बघा. आणि मला हाका मारा."

चार वाजून गेले होते. बाजार ऐन भरात होता. योगिनी ओट्याच्या मधोमध बसली. समोरच्या भिंतीला टेकून सुवर्णा उभी राहिली. गर्दी वाहत होती, वळत होती, पुन्हा सरळ होत होती. इतक्या जवळून तिला लोकांचे चेहरे दिसत होते. वळताना एकाही चेहऱ्यावर काही उमटत नव्हते.

मग बोगद्यातला आवाज कमी झाला.

एकदम नव्हे. कुणी एकेक दार लोटत जावे, तसा तो दूर जात राहिला. वरून गाडी गेली. नळ्या थरथरल्या, पण छत घुमल्याचे तिला ऐकू आले नाही. मेथीचा वास गेला. फिनेलचाही गेला. ओल्या तागाचा वास तेवढा येत राहिला.

सुवर्णा समोरच होती. तिचे ओठ हलत होते. तिची नजर योगिनीच्या अंगावरून पुढे भिंतीवर गेली आणि डावी-उजवीकडे फिरू लागली.

"सुवर्णाताई," योगिनी म्हणाली. तिला तिचाच आवाज ऐकू आला नाही.

तिने उठायचा प्रयत्न केला. उठता येत होते, असे तिला नंतरही वाटत राहिले. पण उठून जायचे कुठे, हे त्या क्षणी आठवेना.

डाव्या हाताची फळी किंचित दबली.

तिने तिकडे पाहिले नाही.

कुणीतरी खूप वेळ उभे असावे, आणि आपण त्याच्या जागेवर बसलेले असावे, तेव्हा जी शरम वाटते ती तिला वाटली. भीती त्या मानाने कमी होती. ती उजवीकडे सरकली. एस्टीत सरकावे तशी, अर्धी जागा मोकळी करून.

"बसा ना," ती म्हणाली.

"ताई! अवो ताई!" सुवर्णा तिला खांद्याला धरून गदागदा हलवत होती. "घसा बसला माझा हाका मारून! कुठं गेल्ता?" वर छत घुमत होते. चिमणाबाईंच्या हातातली पाटी योगिनीच्या गुडघ्याला घासून गेली. "मॅडम, पाय घ्या आत, वाटंत काय बसता," असे म्हणून त्या सरळ, ओट्याच्या कडेकडेने पुढे गेल्या.

त्यानंतर बोगद्यात कुणी वळसा घातला नाही. सुवर्णा परत ओट्यावर आली आणि मधोमध बसू लागली. शेखर सर पाहणीसाठी आले, तेव्हा ती पाय लांब सोडून शेवंती ओवत होती आणि गिऱ्हाइकांशी घासाघीस करत होती. सरांनी तिचा फोटो काढला. "झालं तुझं काम," ते योगिनीला म्हणाले, आणि ते खरेच होते.

"ताई, बसा की," म्हणत सुवर्णा सरकली. जरा जास्तच सरकली.

"नको, निघते," योगिनी म्हणाली.

बाहेर महेशने तिला संगणकावरच्या नव्या रेघा दाखवल्या. सगळ्या सरळ होत्या. मग त्याने ती बसली होती त्या दिवसाच्या रेघा काढल्या. वळशाच्या आतली रिकामी जागा काही वेळ भिंतीशी होती. मग ती हलली. माणसाच्या चालीने पश्चिमेच्या उतारावरून बाहेर गेली.

"ही रेघ तुझी आहे," महेश म्हणाला. "आणि हे रिकामं तिच्या डावीकडे. सॉफ्टवेअरची चूक असणार." एरवी अशा वेळी तो काहीतरी विनोद करत असे. त्याने संगणक मिटला.

घरी जायला ती गंगापूर रोडला बसमधून उतरली, तेव्हा दुकानांत दिवे लागत होते आणि पदपथ कॉलेजच्या पोरांनी फुलला होता. समोरून दोघी मैत्रिणी एकच कुल्फी आळीपाळीने खात, खिदळत आल्या. तिच्या डावीकडून जाता येईल एवढी वाट होती. त्या खिदळतच पदपथावरून रस्त्यावर उतरल्या, लांबून गेल्या आणि पुन्हा वर चढल्या. त्यांच्या मागचा म्हाताराही तसाच उतरला. पेपर वाचत येणाराही.

योगिनीने डावीकडे पाहिले नाही. इमारतीचा जिना ती कठड्याला अंग घासत चढली. भिंतीकडची बाजू मोकळी राहिली होती, हे वर पोचल्यावर तिच्या लक्षात आले.

तिने कुलूप काढले. दार ढकलले, आणि ते हाताने धरून उंबऱ्याशी बाजूला उभी राहिली.

मग तीही आत गेली.