सदतीस नंबरच्या पायऱ्या

दूध ओट्यावर ठेव, श्यामला, पण बाहेरचा दिवा घालवू नकोस. जुलै म्हणजे इथला ऐन हिवाळा, पाचलाच दिवेलागण होते. त्या दोन खुर्च्यांवर नको, इथे माझ्याजवळ हीटरपाशी बस. तू कालच पुण्याहून उतरलीस, तुला या घराचे कायदे कुठून ठाऊक असणार? सचिन-मेधाची गाडी वेलिंग्टनहून यायला अजून तास आहे, तोवर सांगते. मध्येच ‘काहीतरीच काय, मावशी’ म्हणालीस तर मात्र मी गप्प बसेन हं.

गोष्ट दोन हजार चारच्या जुलैची, म्हणजे पाच वर्षांपूर्वीची. तेव्हा तुझे काका होते. पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर. धरणाच्या कामावरची क्वार्टर्स बांधण्यात त्यांचा जन्म गेला. आमच्या लेकाने, सचिनने, पोरिरुआत हे घर घेतलं, आम्ही आलो, तर गल्ली बघून स्वारी खूश! सगळी घरं एकाच नकाशाची. सरकारने पन्नासेक वर्षांपूर्वी कामकरी कुटुंबांसाठी बांधलेली. फळ्यांच्या भिंती, कौलं, मधोमध धुराडं, दाराशी सिमेंटच्या तीन पायऱ्या. “अगं, ही तर आपली क्वार्टर्सच!” म्हणाले, आणि टेप घेऊन पायऱ्यांची उंची मोजत बसले.

पण विसरायला लागले होते. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, यांना एकटं बाहेर सोडू नका. त्या दिवशी त्यांनी मला पाचव्यांदा विचारलं, “दूध आणलं का?” मी कणीक मळत होते, सर्दीने डोकं जड झालेलं, भडकलेच. म्हटलं, “एवढी काळजी आहे तर जा, आणा तुम्हीच!” आणि ते गेले गं. माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

पाच मिनिटांत माझाच राग उतरला. कोपऱ्यावरची डेअरी इथून सात घरं. अर्धा तास झाला, पत्ता नाही. शाल गुंडाळून धावत गेले. डेअरीवाला म्हणाला, दूध घेऊन ते केव्हाच गेले. बाहेर तो दक्षिणेचा गार वारा, बारीक पाऊस, आणि बघावं तिकडे तीच घरं. तेच फाटक, तीच खिडकी, तेच धुराडं. प्रत्येक दारात ‘अहो’ म्हणून हाक मारत होते. थोड्या वेळाने माझं मलाच कळेना, आपलं घर यातलं कुठलं.

मग एका पायरीवर चपला दिसल्या.

मोज्यांवर चपला घालायचे ना ते, त्याच. नीट जोडून, टोकं रस्त्याकडे करून ठेवलेल्या. परत निघताना वळायला लागू नये, ही ओव्हरसियरची शिस्त. डाव्या चपलेचा पट्टा मी निळ्या दोऱ्याने शिवला होता, तोही दिसला. माझा जीव भांड्यात पडला. दार लोटलेलं होतं, फाटकावर सदतीस नंबर. आपला सत्तावीस.

आत गेले तर आपलंच घर! डावीकडे स्वयंपाकघर, समोर बोळ, उजवीकडे बैठकीची खोली. फक्त आपली शेकोटी फळी मारून बंद केलीय, आणि तिथे कोळसे धगधगत होते. कोळशाच्या धुराचा आणि ओल्या लोकरीचा वास भरला होता. हे मोज्यांनिशी खुर्चीत बसले होते, हातात चहाचा कप, पायाशी दूध. समोर एक म्हातारी गोरी बाई विणत होती.

“या,” ती हळूच म्हणाली. “थंडीत भिजले होते. आत घेतलं... किती छान पद्धत तुमची, पादत्राणं बाहेर काढायची.”

मॅक्रे तिचं नाव. इंग्रजी स्कॉटलंडचं, र घोळवून बोललेलं; निम्मं मला कळलं, निम्मं अंदाजाने घेतलं. ग्लासगोजवळ ती अशाच घरात वाढली. एका साच्यातली शेकडो घरं, म्हणाली, सगळ्या आया एकाच वेळी एकाच खिडकीतून पोरांना हाका मारायच्या. नवरा डंकन सुतार. बोटीने इथे आले, तर त्याला पुन्हा तेच काम मिळालं.

“ही अख्खी गल्ली त्याच्या हातची,” ती म्हणाली.

“मग कुठे आहेत ते?”

“दूध आणायला गेलाय...” तिने सुया थांबवल्या. “हल्ली त्याला घर सापडत नाही. सगळी सारखीच ना... मी दिवा लावते रोज. पण माझा दिवा त्याला दिसत नाही आता. तुम्ही लावाल... तुमच्या दारातला?”

मी मान हलवली. डोळे भरून आले होते माझे. त्या घडीला कुणी काहीही मागितलं असतं तरी दिलं असतं. निघताना तिने बिस्किटांची ताटली हातात दिली. शेकोटीशेजारची ती ताटली, पण बर्फासारखी गार होती. तेव्हा मी त्याचा विचार केला नाही, यांचा हात धरून घरी आले.

आता रिकामी ताटली का कुणी परत करतं? दुसऱ्या दिवशी दुपारी बेसनाचे लाडू घालून घेऊन गेले. पस्तीस नंबर होता. एकोणचाळीस होता. मध्ये नुसतं गवत, आणि गवतात तीन सिमेंटच्या पायऱ्या.

समोरच्या अंगणात मेरे नावाची माओरी बाई कपडे वाळत घालत होती. “किया ओरा,” म्हणाली, म्हणजे त्यांचा नमस्कार. मी सदतीस नंबर विचारला. ती म्हणाली, ते घर दहा वर्षांपूर्वी उचललं. इथे लाकडी घरं मधोमध कापून ट्रकवर नेतात, तसंच ते कुठल्याशा शेतावर नेलं. म्हातारी त्याआधीच वारली होती. आणि म्हातारा? एका जुलैत संध्याकाळी दूध आणायला म्हणून निघाला तो सकाळी ओढ्याकाठी गारठून मेलेला सापडला. बोलता बोलता तिचं लक्ष माझ्या हातातल्या ताटलीकडे गेलं. “ही तर तिची...” एवढंच बोलली आणि कपडे तसेच टाकून आत गेली.

मी लाडू ताटलीसकट पायरीवर ठेवले. भीती वाटली, खोटं कशाला बोलू?  पण त्याहून जास्त वाईट वाटलं गं. स्वतःच्या हाताने गल्ली बांधलेला माणूस आपलंच घर शोधतोय, आणि ते घर कुणी उचलून नेलंय हे त्याला सांगायला कुणी नाही.

त्या संध्याकाळी मी दिवा लावला. थोड्या वेळाने दार उघडलं तर पायरीवर कामकऱ्याचे जुने बूट, चिखलाने भरलेले, नीट जोडून ठेवलेले. आसपास कुणी नाही. आतून हे शांतपणे म्हणाले, “चहा ठेव गं. त्यांना घर सापडत नाहीये.” मी कप आणि एक लाडू बाहेर ठेवला. सकाळी बूट नव्हते, कप रिकामा होता. तेव्हापासून दर जुलैत एकदा ते बूट येतात. मी सचिनला सांगितलं नाही, उगाच मलाही डॉक्टरकडे नेईल.

तुझे काका गेल्या वर्षी हॉस्पिटलातच वारले. शेवटी मला ओळखत नव्हते. एकच धोशा, “मला घरी ने. घर सापडत नाहीये गं.” नाही नेता आलं मला. नळ्या लावल्या होत्या, डॉक्टर नको म्हणाले. वर्षभर तेवढं एकच खातंय बघ मला. त्यांच्या चपला मेधाने गरिबांसाठी वस्तू विकतात त्या दुकानात देऊन टाकल्या. मी स्वतः पिशवीत भरल्या होत्या.

मघाशी तू डेअरीत गेलीस, तेव्हा मी दिवा लावायला दार उघडलं. बूट आलेत. आणि बुटांशेजारी चपला आहेत, टोकं रस्त्याकडे, डाव्या पट्ट्याला निळा दोरा. तू घाईत आत आलीस ना, त्या ओलांडूनच आलीस.

रडत नाही गं मी. सापडलं बाई त्यांना घर.

अशी घाबरून बघू नकोस तिकडे. म्हणूनच तुला म्हटलं, त्या दोन खुर्च्यांवर बसू नकोस. ऊठ, दूध आणलंयस ना? चहा ठेव. चार कप.