हिरवी तार

सोलापुरात आता दारात नवा माणूस आला तर लोक आधी त्याच्या तोंडाकडे पाहत नाहीत, कुंपणाकडे पाहतात. कुंपण हिरवं राहिलं तर "या, बसा, पाणी घ्या." पांढरं पडलं तर दार लागलंच म्हणून समजा. शाळा, दवाखाना, बाजार, एसटी स्टँड, सगळ्यांच्या फाटकांना ही कुंपणं आहेत. गुडघ्याएवढी, मेंदीसारख्या पानांची आणि दिसायला अगदी गरीब.

या झाडाचं नाव जागल्या. पूर्वी गावात रात्रीचा पहारा देणारा, परका दिसला की हाळी घालणारा जागल्या असे, त्याच्यावरून ठेवलेलं. नाव ठेवलं होतं डॉ. हेमलता शिरगुप्पे यांनी, आणि झाडही त्यांनीच घडवलेलं. हेमलताचा धाकटा भाऊ अजित मावशीसाठी शेंगाचटणीचा डबा कंडक्टरच्या हाती द्यायला स्टँडवर गेला आणि बाकाखालच्या पिशवीतल्या बॉम्बने गेला. डबा सापडला, झाकणसुद्धा निघालं नव्हतं. त्या दिवसापासून हेमलता शेंगाचटणी खात नाही.

झाडाला नाक नसतं, पण हवेतले रेणू त्याच्या पानांत शिरतच असतात. हेमलताने पानांच्या पेशींना एक नवं प्रथिन बनवायला शिकवलं. हे प्रथिन म्हणजे एक कुलूप. बहुतेक स्फोटकांत नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांची एक ठरावीक जुळणी असते, ती या कुलपात किल्लीसारखी बसते. कुलूप उघडलं की झाड स्वतःचं हिरवं द्रव्य स्वतःच मोडून टाकतं आणि बघता बघता पानं पांढरी पडतात. आठवडाभरात पुन्हा हिरवी होतात. वीज नको, पगार नको, रजा नको. झाड पांढरं पडलं की पहारेकऱ्याने त्या माणसाला अडवायचं आणि चौकशी होईपर्यंत बाकावर बसवून ठेवायचं, असा कायदाच झाला होता.

आणि जागल्याने काम केलं, हे कबूल करायलाच हवं. स्फोटकांनी भरलेला एक ट्रक बाजाराच्या तोंडाशी पकडला गेला, तो झाडांमुळेच. कित्येक वर्षांत शहरात स्फोट झाला नाही. आता सरकारला पुढचं पाऊल टाकायचं होतं. जागल्याचा गुण हेमलताने हरळीत उतरवला होता. मूळ जागल्या वांझ होता, त्याला बी धरत नसे. हरळीला धरत होतं. एकदा पेरली की ती आपल्या पायांनी देशभर जाईल, बांधावर, रस्त्याकडेला, अंगणात. मग ज्याच्या अंगाला सुरुंगाची दारू लागली त्याची पावलं जमिनीवर पांढरी उमटत जातील. हरळीचं सगळं बी एका डब्यात होतं, आणि तो डबा आज हेमलताच्या मांडीवर होता. द्यायचा, हे तिचं ठरलेलं होतं.

हरळी पेरण्याआधीची सरकारी समितीची सुनावणी तिच्याच संस्थेच्या बागेत होती. लिंबाखाली खुर्च्या मांडल्या होत्या, मागे जागल्याचं कुंपण होतं, समोर चाचणीच्या हरळीचा पट्टा होता, आणि कडेला स्टोव्हवर समितीसाठी चहाचं आधण खदखदत होतं. समितीचे अध्यक्ष निवृत्त ब्रिगेडियर रणदिवे. सरळ माणूस, दोन युद्धं पाहिलेला. कायद्याप्रमाणे नागरिकांच्या हरकती ऐकणं भाग होतं. हरकत एकच आली होती.

हरकत घेणारी बाई फाटकातून आत आली आणि हरळीवरून चालत खुर्च्यांपर्यंत पोचली. तिच्या मागे पावलापावलाला गवत पांढरं पडत गेलं. पहारेकरी धावलाच. ब्रिगेडियरांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"दुर्गव्वा बंदपट्टे," ती म्हणाली. "विहिरीचं सुरुंग लावतो आम्ही. परवाना हाय. पांढऱ्या पायाची म्हणून शिवी देत हुती लोकं, ती आता सरकारनं खरी करून दावली बघा."

ब्रिगेडियर शांतपणे म्हणाले, "बाई, तुमच्यावर कुणाचा संशय नाही. चौकशी होते, तुम्हाला सोडून देतात. थोडी गैरसोय देशासाठी सोसावी लागते."

"सोसतो की! बाजारात अडवलं, सोसलं. दवाखान्यात अडवलं, सोसलं. पण माझी नात हाय, रेणुका. चौथीत हाय. घरातल्या कपड्यांची दारू तिच्या फ्रॉकला लागती. शाळेचं कुंपण पांढरं झालं तवा मास्तर म्हन्ले, तिला मागच्या दारानं पाठवा, तिथं झाड न्हाई. आता पोरी तिच्याजवळ डबा खाईनात." दुर्गव्वा हेमलताकडे वळली. "बाई, तुम्ही इथल्याच न्हवं? सेटलमेंट ठाव हाय?"

हेमलताला ठाऊक होतं. सोलापुरात कुणाला ठाऊक नसतं? इंग्रजांनी काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या आणि त्यांना काटेरी तारेच्या आत कोंडलं. बाहेर जायचं तर पास, आत यायचं तर हजेरी.

"माझी आज्जी तारेच्या आत जन्मली. स्वराज्य आलं, मग तार तोडली. आज्जी सांगायची, तार तुटली त्या दिवशी ती नुसती आत-बाहेर, आत-बाहेर करत हुती, कोन इचारतंय का बघाया. आता तुम्ही हिरवी तार लावली. ती निदान एका जाग्याला हुती ओ! ही तर आमच्या पायाखाली पेरनार."

ब्रिगेडियरांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "डॉक्टर, राष्ट्राने दहशतवादाला उत्तर कसं द्यायचं? सीमेपलीकडे विमानं पाठवून पाहिली, त्यांत पोरंबाळं मेली आणि नवे बॉम्बवाले जन्मले. तुरुंग भरून पाहिले. तुमच्या झाडाने एक गोळी न झाडता माणसं वाचवली. यांच्या नातीचं मला वाईट वाटतं. पण कुणाचा तरी भाऊ स्टँडवर उभा असेल, त्याचं काय?"

भावाचं नाव न घेता त्यांनी घाव नेमका घातला होता. माणूस खोटं बोलत नव्हता, हीच पंचाईत होती.

ब्रिगेडियरांनी छातीवरून हात फिरवला, खिशातून पाकीट काढलं आणि एक बारीकशी गोळी जिभेखाली ठेवली. "चालू द्या," ते म्हणाले. "जुनं दुखणं आहे."

चहा आला. दुर्गव्वाला कप द्यायला पोऱ्या कचरला, तेव्हा हेमलताने उठून तिचा हात धरला आणि तिला शेजारच्या खुर्चीवर बसवलं. स्वतः बसता बसता हेमलताची नजर ब्रिगेडियरांच्या मागे गेली. कुंपण पांढरं पडत होतं, आणि दुर्गव्वा तर त्याच्यापासून लांब होती. त्यांच्या खुर्चीमागून दोन्ही बाजूंना पांढरेपणा पसरत चालला होता.

पहारेकऱ्यानेही ते पाहिलं. तो जागचा हलला नाही.

"अडव ना त्यांना," हेमलता म्हणाली.

"मॅडम, ते... ते साहेब आहेत."

ब्रिगेडियरांनी वळून पाहिलं आणि हसले. "अरे, माझी गोळी!"

"हो, तुमची गोळी," हेमलता म्हणाली. "हृदयाच्या नळ्या सैल करणारं हे औषध आणि खाणीतली दारू, दोघांत तीच जुळणी असते. झाडाला औषध कळत नाही आणि दारूही कळत नाही. त्याला फक्त किल्ली कळते. बाकी सगळं आपण ठरवतो, ब्रिगेडियरसाहेब. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं."

"नियमात सुधारणा करता येईल. औषधवाल्यांना ओळखपत्र देऊ."

"आन् आमाला?" दुर्गव्वाने विचारलं.

ब्रिगेडियरांनी कप खाली ठेवला. मग नाइलाजाने म्हणाले, "सुरुंगाचा धंदा वेगळा पडतो, बाई. त्या ओळखपत्राचा गैरवापर होईल."

हेमलताला संताप आला, आणि तो आधी स्वतःचा आला. शंभर निरपराध अडले तरी चालतील पण एक बॉम्ब सुटता कामा नये, म्हणून कुलूप सैल तिनेच ठेवलं होतं. ते शंभर कोण असतील हे तिने कधी विचारलंच नाही. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात. इथे ओलंच जळत होतं.

"माझा भाऊ गेला, म्हणून मला बोलायचा हक्क आहे," ती म्हणाली. "बॉम्ब ठेवणाऱ्याला अजित कोण हे माहीतसुद्धा नव्हतं. त्याला हवं होतं ते एवढंच, की उरलेल्यांनी शेजाऱ्याकडे बघताना आधी घाबरावं. तेच काम मी झाडांना शिकवलं. ट्रक पकडा, पिशव्या तपासा, पहारा वाढवा, गुन्हेगाराला शोधून फासावर द्या, मी तुमच्याबरोबर आहे. पण चौथीतल्या पोरीची पावलं जमिनीवर रंगवून हा देश वाचणार असेल, तर तो वाचून उपयोग काय?"

"पुढचा स्फोट झाला तर?"

"तर मी पुन्हा रडेन. पण डबा देणार नाही."

ती उठली, स्टोव्हपाशी गेली आणि डब्यातलं सगळं बी चहाच्या उकळत्या आधणात ओतलं. पोऱ्या ओरडला. ब्रिगेडियर उभे राहिले. बी शिजलं की रुजत नाही, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. आणि देशभर पेरण्याइतकं नवं बी तयार व्हायला वर्षं लागणार होती.

"याची शिक्षा होईल, डॉक्टर."

"होऊ द्या."

तिने दुर्गव्वाचा हात धरला आणि दोघी हरळीवरून फाटकाकडे निघाल्या. आता दोघींची पावलं पांढरी उमटत होती, कारण दारू हाताला लागते तशीच हातातून हातात जाते. बाहेरच्या फाटकावर पहारेकऱ्याने दुर्गव्वाला बाकाकडे बोट दाखवलं. मग हेमलताकडे पाहून तो अदबीने बाजूला झाला. "मॅडम, तुमचं ठीक आहे. तुम्ही जा."

"काही ठीक नाही," हेमलता म्हणाली आणि दुर्गव्वाशेजारी बाकावर बसली. "मलाही अडव. लिही माझं नाव."

दुर्गव्वाने तिच्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच हसली. मग तिचं हसू विरलं. ती खाली पाहत होती.

संस्थेचं आवार फाटकापाशी संपत होतं. बाकाखालची हरळी रस्त्याची होती, कुणी न पेरलेली, म्हशींनी चरलेली. कधीतरी एखादी चिमणी चाचणीच्या पट्ट्यावर उतरली असेल, किंवा हेमलताच्याच चपलेला दोन दाणे चिकटून बाहेर आले असतील.

"बाई," दुर्गव्वा म्हणाली, "बी तर समदं तुम्ही शिजवलं न्हवं? मग हे कसं?"

दोघींच्या पायांभोवती गवत पांढरं पडत होतं. हेमलताने मान वर करून रस्त्याकडे पाहिलं. शाळा सुटली होती, आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना, नजर पोचेल तिथपर्यंत, हिरवीगार हरळी होती.